एक श्रीमंत विशेषण

परकी भाषा शिकावयास बसणाऱ्या माणसास पहिल्यानें भय वाटतें तें क्रियापदाचें. स्पॅनिश भाषेंत तर क्रियापदांची अशी कांहीं वीण आहे कीं, एकाच धातूचीं पन्नासांवर रूपें कागदावर मांडलेलीं पाहून नवशिक्याची छाती दडपून जाते. पण हें भय फार दिवस टिकत नाहीं. क्रियापदाचा स्वभाव हिशेबी असतो; तें पाठ केलें कीं वश होतें. नामें तर गरीब बिचारीं; टेबल म्हणजे टेबल आणि खिडकी म्हणजे खिडकी. खरा चकवा असतो तो विशेषणाचा. तें दिसावयास लहान, उच्चारावयास सोपें, रोजच्या वापरांतलें. कोशांत त्याचा अर्थ पहिल्याच ओळींत सांपडतो. आणि आतां हें आपलें झालें म्हणून आपण निश्चिंत व्हावें, तोंच तें एखाद्या अशा ठिकाणीं भेटतें कीं, कोशांतली ती पहिली ओळ तेथें मुळींच चालत नाहीं. अशा एका विशेषणाच्या मागें आम्ही गेलीं दोन वर्षें हिंडत आहों. तें विशेषण म्हणजे ‘रिको’.

स्त्रीलिंगीं ‘रिका’, अनेकवचनीं ‘रिकोस’ आणि ‘रिकास’. मराठी माणसास यांत नवल वाटावयाचें कारण नाहीं. विशेष्याचा चेहरा पाहून ‘चांगला, चांगली, चांगलें’ असें विशेषणाचें शेपूट हलविण्याची संवय आपणांस जन्मापासूनची. इंग्रजीवर पोसलेला विद्यार्थी जेथें ठेंचाळतो तेथें आपण सुखानें चालतों. उलट नामांना नपुंसकलिंग नाहीं म्हणून एका लिंगाची बचत मनांतल्या मनांत मांडून ठेवतों.

ह्या वयांत ही भाषा कशाला, असें आमच्या मित्रांनीं विचारलें. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमची हयात गेली. त्या वाङ्मयावर ज्या परकी ग्रंथांची दाट सावली पडली आहे, त्यांत सेर्वान्तेसचा ‘दोन किखोते’ अग्रगण्य. त्याचा पहिला भाग १६०५ मध्यें व दुसरा १६१५ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि पहिल्याचें शेल्टनकृत इंग्रजी भाषांतर १६१२ सालींच लोकांच्या हातीं पडलें. आम्ही तो ग्रंथ इंग्रजींतून तीन वेळां वाचला. सोवळ्यांतल्या माणसाशीं दाराआडून बोलावें तसें दर वेळीं वाटत राहिलें. दुसरें कारण घरचें आहे. आमच्या भाच्यानें मेक्सिकोंत संसार थाटला. त्याची पत्नी तिकडचीच. तिच्याशीं इंग्रजींत बोलणें म्हणजे दोघांनींही आपापलें घर सोडून धर्मशाळेंत भेटण्यासारखें होतें. ह्या दोन कारणांनीं आम्ही शिष्य झालों. गुरु म्हणून लाभली ती आमचीच एक जुनी विद्यार्थिनी. वर्गांत आम्ही तिला शेक्सपिअर शिकविला होता. त्याची परतफेड ती दर शनिवारीं सायंकाळीं करते, आणि व्याजासह करते.

‘रिको’ म्हणजे श्रीमंत. इंग्रजी ‘रिच’, फ्रेंच ‘रीश’, इटालियन ‘रिक्को’ हीं सारीं त्याचीं भावंडें. तेव्हां हा अर्थ आम्हांस शिकावा लागला नाहीं. परंतु तिसऱ्या कीं चौथ्या पाठांत एका गृहिणीच्या तोंडीं वाक्य आलें, ‘ला सोपा एस्ता रिका’. ‘सोपा’ म्हणजे सार किंवा सूप. सूप श्रीमंत आहे? इंग्रजींत तूपलोण्यानें जड झालेल्या अन्नाला ‘रिच’ म्हणण्याची चाल आहे, ती आम्हांस ठाऊक होती. पण पुस्तकांतलें तें सूप लसणाचें होतें. शिळ्या पावाचे तुकडे, लसूण, थोडें तेल, मिठाचें पाणी. यांत श्रीमंती कोठून आली? बाईंनीं खुलासा केला कीं, येथें त्या शब्दाचा अर्थ ‘रुचकर’ एवढाच. त्या अर्थाचा द्रव्याशीं किंवा तुपाशीं संबंध नाहीं. डाळिंबी उसळ, ताक, भाजलेलें कणीस, विहिरीचें गार पाणी, सगळें ‘रिको’ होऊं शकतें.

येथें त्या भाषेंतली एक प्रसिद्ध अडचण पुढें येते. ‘असणें’ ह्या अर्थाचीं तेथें दोन क्रियापदें आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. वस्तु काय जातीची आहे हें ‘सेर’ सांगतें. ती ह्या घटकेस कोणत्या अवस्थेंत आहे हें ‘एस्तार’ सांगतें. त्यामुळें पुष्कळ विशेषणें ह्या दोघांच्या घरीं दोन वेषांनीं वावरतात. ‘लिस्तो’ हें विशेषण ‘सेर’बरोबर आलें तर माणूस हुशार, ‘एस्तार’बरोबर आलें तर माणूस निघावयास तयार. ‘मालो’ पहिल्याबरोबर दुष्ट, दुसऱ्याबरोबर आजारी. ‘रिको’चेंही असेंच आहे. अमका मनुष्य ‘एस रिको’ म्हणजे तो धनिक; भात ‘एस्ता रिको’ म्हणजे आजचा हा भात छान झाला आहे. पदार्थाची एकंदर ख्याति सांगावयाची असेल तर त्यालाही ‘एस’ चालतें. आपण ‘आंबा गोड असतो’ आणि ‘हा आंबा गोड आहे’ असा भेद करतों, त्याच्या जवळपास जाणारा हा प्रकार आहे. तंतोतंत तोच मात्र नव्हे. माणसाला ‘एस्ता रिको’ म्हणण्याच्या फंदांत शिष्यानें पडूं नये, असें बाईंनीं आम्हांस बजावून ठेवलें आहे. त्याचा अर्थ पानावर वाढलेल्या पदार्थाच्या नजरेनें माणसाकडे पाहणें असा होतो, आणि तो प्राध्यापकाच्या वयास शोभणारा नाहीं.

ह्या व्याकरणाच्या नियमानें आम्हांस बरेच दिवस बेचैन केलें. माणूस मेला हें सांगावयास स्पॅनिश भाषा ‘एस्तार’ वापरते, म्हणजे मृत्यु ही तिच्या लेखीं एक अवस्था. पण माणूस श्रीमंत आहे हें सांगावयास ती ‘सेर’ वापरते. जेथून परत येणें नाहीं ती अवस्था ठरली, आणि जी आज आहे व उद्यां नाहीं ती दौलत माणसाची जात ठरली! आपल्याकडे लक्ष्मीला चंचल म्हणण्याची परंपरा आहे. व्याकरणावरून लोकांचे स्वभाव ठरविणें हा धोक्याचा धंदा आहे हें आम्ही जाणतों, आणि असले सिद्धांत मांडणाऱ्या ग्रंथांकडे आम्ही संशयानेंच पाहतों. तरीही, श्रीमंती हा ज्या समाजांत मुळीं पैशाचा प्रश्न नव्हता, जन्माचा होता, त्या समाजाची कांहीं आठवण ह्या ‘सेर’मध्यें उरली असावी कीं काय, असें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. म्हणून आम्ही त्या शब्दाच्या कुळाचा शोध घेतला.

तो लॅटिनचा वंशज नाहीं, हें ऐकून आम्हांस आश्चर्य वाटलें. स्पॅनिश भाषेचा बहुतेक जुना संसार लॅटिनचा. अरबींतून पुष्कळ भर पडलेली. ‘रिको’ आला तो गॉथ लोकांच्या भाषेंतून. रोमची सत्ता ढासळल्यावर पांचव्या शतकांत व्हिसिगॉथ लोक स्पेनांत उतरले आणि ७११ सालीं अरब व बर्बर फौजा तेथें येईपर्यंत त्यांचें राज्य टिकलें. त्यांच्या भाषेंतले फार थोडे शब्द मागें राहिले. त्यांत हा एक. गॉथिक भाषेंत ‘रीक्स’ म्हणजे सत्ताधीश, अधिकारी. चौथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें त्या भाषेंत बायबल उतरविलें, त्यांत हा शब्द त्याच अर्थानें येतो. इतिहासाच्या पुस्तकांतून ज्यांचीं नांवें आपण पाठ केलीं ते आलारिक, थिओडोरिक, रोडेरिक ह्यांच्या नांवांचें शेपूट तेंच. ४१० सालीं रोम लुटणाऱ्या आलारिकाला स्पॅनिश लोक आजही ‘आलारिको’ म्हणतात. सूप वाखाणतांना जो शब्द निघतो तोच तेथें राजा होऊन बसला आहे.

ह्याहून मागें गेलें म्हणजे आपलें घर लागतें. भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं, जर्मानिक लोकांनीं हा शब्द आपल्या शेजारच्या केल्ट लोकांपासून उचलला. सीझरशीं झुंजलेल्या व्हर्सिंगेटोरिक्सच्या नांवांतला ‘रिक्स’ तो हाच. लॅटिनचा ‘रेक्स’ आणि संस्कृतचा ‘राजन्’ हे त्याचे सख्खे चुलतभाऊ. म्हणजे स्पेनमधल्या खानावळींत लसणाच्या सुपाला मिळणारी शाबासकी आणि आपल्या शिलालेखांतली राजपदवी एकाच मुळाच्या दोन फांद्या! व्युत्पत्तीच्या नादांत मनुष्य वाटेल तें जुळवूं लागतो हें खरें. पण येथें जुळवाजुळव करावी लागत नाहीं, ती आयती झालेली आहे.

सत्ताधीशापासून धनिकापर्यंतचा प्रवास मराठी वाचकास समजावून सांगावा लागणार नाहीं. आपला ‘श्रीमंत’ शब्द घ्या. श्रीमंत पेशवे म्हणतांना आपण त्यांच्या तिजोरीचा हिशेब सांगत नाहीं. पुण्याच्या दरबारावर कर्जाचा डोंगर असतांही ते श्रीमंतच होते. ती पदवी. पुढें राज्य गेलें, पदव्या कागदावर उरल्या, आणि सावकारीनें दोन पैसे जोडलेला मनुष्यही श्रीमंत झाला. कास्तील आणि आरागोन येथें मध्ययुगांत ‘रिको ओम्ब्रे’, शब्दशः श्रीमंत पुरुष, ही पहिल्या प्रतीच्या सरदारांची संज्ञा होती. त्यांच्या मानमरातबाचीं चिन्हें दोन, ‘पेन्दोन’ आणि ‘काल्देरा’. पेन्दोन म्हणजे निशाण. आपल्या हाताखालीं फौज उभी करण्याचा अधिकार. काल्देरा म्हणजे मोठा हंडा. त्या फौजेला जेवूं घालण्याची ऐपत. आमच्या इकडच्या भाषेंत बोलावयाचें तर जरीपटका आणि मुदपाकखाना. लारा, गुस्मान यांसारख्या जुन्या घराण्यांच्या ढालींवर हे हंडे अजून चितारलेले दिसतात. सिंह, गरुड, तलवारी हें सारें समजण्यासारखें आहे. परंतु स्वयंपाकाचें भांडें छातीवर मिरविणारा क्षत्रिय आम्हांस फार आवडला. चार माणसें पंक्तीला बसविल्यावांचून जो मोठा ठरत नाहीं तो खरा मोठा, हें आमच्या आजीचेंही मत होतें.

ह्या हंड्यांतूनच ‘रिको’चा रुचकर हा अर्थ बाहेर आला, असें सांगण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतों. तसा पुरावा नाहीं. उत्तम, भरपूर, उंची अशा पायऱ्यांनीं तो अर्थ आला असावा हेंच सरळ दिसतें. पुण्यांत एका गणपतीच्या नांवांत ‘श्रीमंत’ आणि ‘हलवाई’ हे दोन शब्द शेजारीं बसले आहेत, म्हणून मराठींत श्रीमंत म्हणजे गोड असें कोणी ठरविलें तर आपण हंसूं. तशांतलाच तो प्रकार होईल.

ज्या ज्या ठिकाणीं हें विशेषण जमिनीला चिकटलें तेथें त्याचें वागणें निराळेंच आहे. कोलंबसानें १४९३ मध्यें एका बेटाला सान हुआन बाउतिस्ता असें संताचें नांव दिलें. तेथल्या बंदराच्या शहराला ‘पुएर्तो रिको’, श्रीमंत बंदर, म्हणूं लागले. पुढें नांवांची अदलाबदल झाली, बेट पुएर्तो रिको झालें आणि शहर सान हुआन. १८९८ सालीं तें अमेरिकेच्या ताब्यांत गेलें, तेव्हां नव्या धन्यांनीं सरकारी कागदांत ‘पोर्तो रिको’ असें अशुद्ध लिहावयास आरंभ केला. ती चूक १९३२ सालीं दुरुस्त झाली. पहिला अर्धा शब्द बिघडला, दुसरा मात्र कोणीं बिघडविला नाहीं. कोस्ता रिका, श्रीमंत किनारा, हें नांव सोन्याच्या आशेनें पडलें. सोनें फारसें निघालें नाहीं; त्या देशाला हात दिला तो एकोणिसाव्या शतकांत कॉफीनें.

आणि एक डोंगर आहे. आजच्या बोलिव्हियांत, पोतोसी गांवाच्या माथ्यावर, ‘सेरो रिको’, श्रीमंत डोंगर. १५४५ सालीं त्याच्या पोटांत चांदी आहे असें स्पॅनिश लोकांस कळलें. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें चार हजार मीटर उंच. तेथें नुसतें चालतांना धाप लागते. १५७० नंतर तोलेदो नांवाच्या व्हाइसरॉयानें आसपासच्या मुलुखांतील मूळ रहिवाशांवर पाळीपाळीनें खाणींत राबण्याची सक्ति बसविली. हजारों कुटुंबें घरदार सोडून त्या वाटेला लागलीं. खाणींत आणि पाऱ्याच्या विषानें किती मेलीं याचा नीट हिशेब कोणीं ठेवला नाहीं. तिकडचे लोक त्याला माणसें खाणारा डोंगर म्हणतात. स्पॅनिश भाषेंत मात्र ‘पोतोसीएवढ्या मोलाचा’ ही स्तुति झाली, आणि ‘दोन किखोते’मध्येंही त्या खाणींचा उल्लेख अपार धनाचें माप म्हणून येतो. ती चांदी स्पेनांत थांबली नाहीं. युरोपच्या बाजारांतून, लिस्बनहून गोव्यास येणाऱ्या जहाजांतून, मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरून फिलिपाइन्सकडे १५६५ ते १८१५ पर्यंत चाललेल्या गलबतांतून ती पूर्वेस आली. सुरतेसारख्या बंदरांतून टांकसाळींत गेली आणि मोंगलांचा रुपया होऊन बाहेर पडली. आपल्या पूर्वजांनीं मिरीचे आणि कापडाचे पैसे मोजून घेतले तेव्हां त्या नाण्यांत त्या डोंगराचा अंश नसेलच असें कोणीं सांगावें? हा डोंगर अजून पोखरला जात आहे. पोतोसी गांव १९८७ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत आलें आणि २०१४ मध्यें धोक्यांत असलेल्या वारशांच्या यादींत. डोंगराचा माथाच खचूं लागला आहे. हें वाचल्यापासून ‘रिको’ हा शब्द सुपाच्या वाटीजवळ ऐकला तरी आम्हांस पूर्वीइतका निरागस वाटत नाहीं.

परंतु शब्दाचा अर्थ कळणें निराळें आणि त्याची किंमत कळणें निराळें. ती आम्हांस घरींच कळली. गेल्या वर्षीं भाचा, त्याची पत्नी आणि त्यांचा दहा महिन्यांचा मुलगा असे आमच्याकडे पंधरा दिवस राहून गेले. आमच्या मातोश्री आतां पंचाऐशींच्या घरांत आहेत. पण पाहुण्याला पहिलें जेवण आपल्या हातचें, हा त्यांचा हट्ट चालू आहे. सुनेस तिखट सोसेल कीं नाहीं ह्या काळजीनें घरांत दोन दिवस खल चालला होता. शेवटीं तिनेंच सांगितलें कीं, तुम्ही रोज खातां तें द्या. मातोश्रींनीं पिठलें आणि मक्याची भाकरी केली. मेक्सिकोच्या मुलीस मक्याची भाकरी म्हणजे माहेरची गोष्ट. तिनें पहिला घांस घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, ‘के रिको!’

मातोश्रींना हल्लीं थोडें कमी ऐकूं येतें. त्यांनीं आम्हांस विचारलें, “काय रे म्हणाली ती? रिकं? पान रिकामं झालं म्हणते का?” आणि उत्तराची वाट न पाहतां तिच्या पानांत दुसरी भाकरी वाढली. मराठी कानाला ‘रिको’ आणि ‘रिकामा’ शेजारीं ऐकूं यावेत, आणि त्या भरीव शब्दाचा अर्थ पार उलटा व्हावा, ही भाषेची गंमत आम्ही त्या वेळीं मनांत नोंदवून ठेवली. पण तेवढ्यांत मातोश्री, आमच्या घरीं पाहुणा जेवावयास बसला कीं जें वाक्य त्या साठ वर्षें बोलत आल्या तें, संवयीनें बोलल्या: “गरिबाघरचं आहे, गोड मानून घे हो बाळ.”

हें वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. वडील शाळामास्तर, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत पिठल्याखेरीज दुसरें कांहीं होत नसे. त्यांतही मातोश्रींचा हात असा कीं कोंड्याचा मांडा व्हावा. पण तें वाढतांना त्यांची मान खालीं असे. कोणी मिटक्या मारून खाल्लें तरी त्यांस वाटे कीं, हा आपलें मन राखतो आहे. रुचीची साक्ष त्यांनीं कधीं खरी मानली नाहीं, कारण ती दारिद्र्याच्या पानावर दिलेली साक्ष होती. भुकेला कोंडा, असें म्हणून त्या ती उडवून लावीत.

सुनेनें भाच्यास विचारलें, आजी काय म्हणाल्या. त्यानें ‘पोब्रे’ हा शब्द वापरून भाषांतर केलें. ती एकदम म्हणाली, नाहीं, ‘रिको’. आणि हातानें आधीं भाकरी दाखविली, मग पिठल्याचें पातेलें, मग मातोश्रींचे हात. भाचा म्हणाला, “आजी, ती म्हणते हें सगळं श्रीमंत आहे. त्यांच्याकडे चवदार आणि श्रीमंत याला एकच शब्द आहे.” मातोश्रींनीं हें पुन्हां एकदां सांगावयास लाविलें. नंतर त्या स्वयंपाकघरांत गेल्या, आणि कांहीं वेळ बाहेर आल्या नाहींत. आल्या तेव्हां हातांत लोण्याची वाटी होती. पुढील पंधरा दिवसांत पंक्तीला ‘गोड मानून घे’ हें वाक्य आम्हांस ऐकूं आलें नाहीं.

त्याच मुक्कामांत आणखी एक गोष्ट लक्षांत आली. सून आपल्या मुलाचे गाल ओढून त्यालाही ‘रिको’च म्हणे. आपण ‘किती गोड पोर’ म्हणतों तसें हें. रुचीचा शब्द वात्सल्याला लावण्याची रीत सर्वत्र दिसते. पण ओटीवर तेंच मूल मांडीवर घेऊन मातोश्री त्याला ‘माझा राजा’ म्हणत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि दोघी त्या लेंकराला मुळांत एकाच शब्दानें हांक मारीत होत्या. हा शब्द कोठें फांकला, केवढीं राज्यें आणि केवढे डोंगर फिरून एका आईच्या तोंडीं आला, आणि दुसऱ्या बाजूनें आपल्या ओटीवर कसा पोंचला, हें दोघींस सांगावें असें आम्हांस वाटलें. पण मूल झोपत होतें. आम्ही तोंड उघडलें नाहीं.

लाडाच्या शब्दाला टोंचणी लागण्याचा प्रकारही दोहोंकडे सारखाच. आपण रागाच्या भरांत ‘अरे राजा, जरा ऐकून तर घे’ म्हणतों, त्यांतला राजा राजा नसतो. स्पेनांत ‘मीरा, रिको’ असें म्हणून वाक्याला प्रारंभ झाला तर ऐकणाऱ्यानें सावध व्हावें. नव्यानें पैसा आलेल्या माणसाला ‘नुएव्हो रिको’ म्हणतात. आपल्याकडे त्याला अर्ध्या हळकुंडानें पिंवळा झालेला म्हणतात, आणि आमच्या मतें आपलें वर्णन अधिक नेमकें आहे.

‘रिको’चा जोडीदार जो ‘पोब्रे’ त्याचें वागणें तर शिस्तीचें. नामाच्या मागून आला तर तो खिशाविषयीं बोलतो: ‘ओम्ब्रे पोब्रे’, पैसा नसलेला माणूस. नामाच्या आधीं आला तर तो नशिबाविषयीं बोलतो: ‘पोब्रे ओम्ब्रे’, बिचारा, मग तो लक्षाधीश कां असेना. एकाच शब्दाला फक्त जागा बदलून करुणा शिकविण्याची ही युक्ति आम्हांस फार सुंदर वाटते. मराठींत त्यासाठीं दोन शब्द खर्चावे लागतात, गरीब आणि बिचारा; आणि आपण पुष्कळदां ते दोन्ही एकाच माणसावर खर्च करून टाकतों. ‘रिको’ला ही शिस्त पुरती पाळतां येत नाहीं. मेक्सिकोच्या रस्त्यांवर तामाले विकणारा ‘रिकोस तामालेस’ अशी आरोळी ठोकतो तेव्हां विशेषण पुढें आहे आणि अर्थ रुचकर असाच आहे. पण धनिक जमीनदारापुढेंही तें तसेंच पुढें धांवत जाऊं शकतें. श्रीमंताला रांगेचे नियम सर्वत्रच शिथिल असतात.

हीं दोन विशेषणें समोरासमोर उभीं केलेलीं पाहावयाचीं असतील तर ‘दोन किखोते’च्या दुसऱ्या भागांतलें विसावें प्रकरण उघडावें. कामाचो ‘एल रिको’ याचें लग्न आणि बासिलिओ ‘एल पोब्रे’ याची हकीकत असा त्याचा मथळाच आहे. कामाचोचें लग्न म्हणजे केवळ मुदपाकखाना. अख्खा बैल एल्म वृक्षाच्या सळईवर भाजला जात आहे, त्याच्या पोटांत बारा डुकराचीं पिलें शिवलेलीं आहेत, पन्नासांवर आचारी धांवत आहेत. सांचोला भूक आवरत नाहीं. तो एका आचाऱ्याजवळ पाव बुडविण्यापुरतें कांहीं मागतो, आणि आचारी नुसता वरचा फेंस म्हणून हंड्यांतून तीन कोंबड्या आणि दोन हंस काढून त्याला देतो. वधू कितेरिया मात्र बासिलिओची बालमैत्रीण. बासिलिओ भर मंडपांत तरवारीवर पडल्याचें सोंग करतो, मरतां मरतां कितेरियाशीं लग्न लावून घेतो, आणि मंत्र संपतांच टुणकन उठून उभा राहतो. गरिबाला नवरी मिळते. कामाचोही मोठ्या मनाचा. तो रागावतो, पण शांत होतो आणि भोजन चालूं ठेवतो.

हें प्रकरण आम्ही इंग्रजींत वाचलें तेव्हां बासिलिओच्या चातुर्यावर खूष झालों होतों. आतां बाईंच्या देखरेखीखालीं तें मुळांत वाचीत आहों. दर शनिवारीं दीड पान, कोश मांडीवर. ‘कामाचो एल रिको’ हे शब्द आले कीं आमच्या कानांत दोन्ही अर्थ एकदम वाजतात, आणि सेर्वान्तेसच्या वाचकांच्या कानींही ते वाजले असतील काय हा प्रश्न आम्ही बाईंना विचारला आहे. त्या पाहून सांगतों म्हणाल्या आहेत. गेल्या शनिवारीं आम्ही शेवटाजवळ पोंचलों. नवपरिणीत जोडपें, दोन किखोते आणि सांचो असे सगळे बासिलिओच्या खेड्याकडे निघाले आहेत. धन्याला गरिबाचा पक्ष जिंकल्याचें समाधान आहे. सांचो गाढवावर बसला आहे, पण त्याचा जीव मागें त्या हंड्यांपाशीं राहिला आहे. बाईंनीं येथें पुस्तक मिटलें आणि ‘पोब्रे’ची जागा बदलून दहा वाक्यें लिहून आणावयास सांगितलीं आहेत. त्यांतलीं सहा झालीं आहेत.